यानेताची टोपली

ऑक्टोबरातल्या पोरांच्या रविवारी, चर्चमधल्या लहानग्यांच्या सणाला, गावातलं एकूणएक पोर नव्या पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभं राहील, असा शब्द कपडे शिवणाऱ्या फुआटिनोने पाद्रीबाईंना दिला होता. गेल्या ऑक्टोबरात दोन सदरे कमी पडले, दोन पोरं घरी रडत बसली आणि सगळ्या साव्हाई बेटावर तिची शोभा झाली. यंदा चुकलं तर काम धक्क्यावरच्या शिंप्याकडे जाणार, हे पाद्रीबाईंनी हसत हसत सांगितलं होतं. बाई हसून सांगतात ते करतातच.

दुकानात मशिनं दोन. एकावर फुआटिनो, दुसऱ्यावर तिची भावजय यानेता. ऑगस्टात मापं घेऊन एकतीस पोरांची यादी भिंतीवर लावलेली. काम बरं चाललं होतं आणि मग लेस कमी पडायला लागली.

लेस काय आपोआप आटते? फुआटिनोने तागा मोजला, तर कापडही तीन वार कमी. त्यात चार दिवस यानेता दुपारी चारच्या ठोक्याला मशिनावरून उठायची, टोपलीवर केळीचं पान झाकायची आणि चालू लागायची. फुआटिनोच्या मनात पाल चुकचुकली.

"टोपलीत काय गं?"

"अळूचे कंद, वन्सं."

"एवढे हलके?"

"तुमच्या भावाची भूक कमी झालीय."

तो माणूस एका बसणीला अख्खं भांडं खरवडतो! फुआटिनोची खात्रीच पटली. ही धक्क्यावरच्या शिंप्याला शिवून देतेय. आपल्याच लेसने आपला शब्द बुडवणार ही बया.

गुरुवारी फुआटिनो नीरफणसाच्या झाडांआडून तिच्या मागे निघाली. यानेता धक्क्याकडे वळलीच नाही. गावाच्या टोकाच्या घरात शिरली. इथल्या जुन्या घरांना भिंती कुठल्या, नुसते खांब; सगळं दिसत होतं. पांढरा फ्रॉक घालून एक पोर गिरक्या घेत होती, आणि ही पोर यादीत नव्हती.

फुआटिनो तरातरा पुढे गेली. "ही कोण?"

यानेता दचकली, पण तिने काही लपवलं नाही. "पुआ. गेल्या महिन्यात आपिया शहरातून आजीकडे राहायला आली. अशा चार पोरी आल्यात; रोज एकीच्या घरी कापड अंगाला लावून बघते. पोरं ह्या घरातून त्या घरात जातच असतात, वन्सं. यादी तेवढी ऑगस्टात थांबली."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. यादीबाहेर एक टाका घालायचा नाही, म्हणालात."

म्हणाली होती खरी. फुआटिनोचे कान तापले.

तेवढ्यात पोर धावत आली. "आत्या, यानेता म्हणाली हा तू पाठवलास. खरं ना?"

जिला ती चार दिवस मनातल्या मनात चोर म्हणत होती, ती यानेता घरोघर फुआटिनोचंच नाव सांगत फिरत होती. फुआटिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "हिने शिवला. मी हिला चोर समजत होते."

यानेताने टाचण्यांची डबी पुढे केली. "बोललात ते बरं झालं. आता खाली बसा आणि घेर धरा. अजून तीन फ्रॉक व्हायचेत."