बिस्किटाच्या डब्यातला फोटो

लेन्सशिवाय फोटो निघतो, हे मला बाबांना दाखवून द्यायचं होतं. बिस्किटांचा गोल डबा, आतून काळा रंगवलेला, बाजूला सुईने पाडलेलं भोक आणि आत फोटोचा कागद. भोकावरची काळी पट्टी काढायची, चार मिनिटांनी पुन्हा लावायची. अट एकच, समोरच्याने हलायचं नाही.

आणि समोर कोण, तर आमचे बाबा! खोपटच्या एस.टी. डेपोत तीस वर्षं कंट्रोलर. गप्प बसणं त्यांना माहीतच नाही. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत त्यांना खुर्चीवर बसवलं, तर पहिल्या फोटोच्या वेळी ते पेन्शनपासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर बोलले. कागदावर चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं आलं. रविवारची सकाळ वाया गेली म्हणून मी जाम भडकलो.

सव्वाअकराला डब्यात दुसरा कागद भरून आलो. बाबा पुटपुटले, "स्वानंद, अरे... हे जरा..."

"बाबा, प्लीज! चार मिनिटं तोंड बंद. अजिबात हलू नका."

ते खरंच हलले नाहीत. पट्टी लावताना मी म्हणालो, "शाब्बास! जमलं की नाही?" आणि उत्तराची वाट न बघता डबा घेऊन बाथरूममध्ये पळालो.

लाल बल्बच्या उजेडात, कॉफी आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात कागद हलवत बसलो. हळूहळू बाबा उमटले. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, पण काय स्पष्ट! मी हरखून गेलो. फक्त तोंड एका बाजूला ओघळल्यासारखं वाटत होतं. डबा गोल, त्यात कागद वाकतो, म्हणून चित्रही वाकडं येतं, हे मला पाठ होतं. पुढच्या वेळी चौकोनी डबा घ्यायचा असं ठरवत मी निवांत कागद धुतला.

मग नीट बघितलं. चष्मा सरळ होता. खाली शर्टाची कॉलर सरळ होती. मधलं तोंड तेवढं वाकडं होतं.

धावत गॅलरीत आलो. बाबा तसेच बसले होते. उजवा हात मांडीवरून घसरून लोंबत होता आणि डोळे माझ्यावर लागले होते.

"क्षिप्रा, रिक्षा बोलाव!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासलं. "स्ट्रोक आहे. नेमका कधी सुरू झाला? इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं."

"सव्वाअकराला."

"नक्की? त्यांना तर बोलता येत नाहीये. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगायला सुरुवात केली होती," मी म्हणालो. "मी त्यांना तोंड बंद ठेवायला लावलं."