जिराफाखाली

आबांनी जन्मभर बस चालवली. घाटातून, धुक्यातून, कधी अर्धा रस्ता खचलेला असताना उरलेल्या अर्ध्यावरून. आपण रस्ता चुकलो असं एकदाही झालं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकायला आता घरात होती कोण, तर सून आणि दुसरीतली नात. मुलगा परगावी नोकरीला, महिन्याकाठी एखादी चक्कर मारायचा. सून हातातलं काम न थांबवता ऐकून घ्यायची. नात, जिला सगळे टिकली म्हणत, ती मात्र तोंडावर सांगायची, "आबा, हे तू कालच सांगितलंस."

सुनेची औषधांच्या दुकानातली पाळी सोमवारपासून सकाळची होणार होती. मग टिकलीला शाळेत कोण सोडणार, यावर घरात आठवडाभर घोळ चालला होता. आबांच्या मते त्यात घोळ घालण्यासारखं काही नव्हतंच. आजोबा घरात धडधाकट असताना पोरीनं शाळेच्या व्हॅनमध्ये कोंबून घेऊन का जावं? सुनेचा कल व्हॅनकडे होता. ती तसं बोलली नव्हती, पण आबांना दिसत होतं. मागच्या महिन्यात ते गॅसवर दूध ठेवून विसरले होते. त्याआधी एकदा बँकेतून येताना भलत्याच बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले होते. ड्रायव्हरच बस चुकला म्हणून आबा स्वतः हसले होते. सून हसली नव्हती.

त्यामुळे शनिवारी कामावर निघताना सून म्हणाली, "आबा, टिकलीला शाळेत दोरीउडीची दोरी हवीय, आज आणाल का तिला घेऊन?" तेव्हा आबांनी ओळखलं की ही दोरी साधी नाही. दोरी आणि पोर दोन्ही सुखरूप घरी आली, तर सोमवारी टिकलीचं बोट आपल्या हातात.

"चौकापलीकडे ते खेळण्यांचं मोठं दुकान झालंय ना, तिथे मिळेल," सून म्हणाली. "नाकासमोर जायचं, दोरी घ्यायची, नाकासमोर परत यायचं. आणि ती काही मागेल, तर द्यायचं नाही."

"मी काय लहान आहे का?"

"तुम्ही नाही हो. ती."

आबांनी दाढी केली, तपकिरी स्वेटर घातला, मिशा विंचरल्या. फोन तेवढा चार्जिंगलाच राहिला. ते त्यांना चौकात आठवलं, पण एका दोरीसाठी कुठे परत जा, म्हणून ते तसेच पुढे गेले.

त्या दुकानात नाकासमोर असं काही नव्हतंच. दार मोठं, आत शिरायला मोकळंढाकळं. पण चार पावलं टाकली की वाट उजवीकडे वळायची, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि प्रत्येक वळणावर पुढचं वळण दिसणार नाही इतकी उंच फळी. जमिनीवर पिवळे बाण. खिडकी नाही, घड्याळ नाही. बाहेर ऊन आहे की अंधार पडला हे कळायची सोय नाही. महागाची खेळणी टिकलीच्या डोळ्यांसमोर, आबांच्या कमरेपाशी. स्वस्तातली पार वर, जिथे तिचा हात पोचणार नाही. घाटाचा रस्ता ज्यानं आखला त्याला निदान प्रवाशांना कुठेतरी पोचवायचं होतं. हा ज्यानं आखला त्याला माणसं पोचायला नकोच होती.

"आबा, हे बघ." "आबा, ते बघ." "आबा, नुसतं बघू दे ना."

आबा हूं हूं करत तिला ओढत नेत होते. एका वळणावर छोटी आगगाडी गोल गोल फिरत होती, तिच्याभोवती पोरांचा गराडा, आणि तिथे टिकलीचे पाय रुतले. शेजारी एक प्रचंड कापडी जिराफ उभा होता, डोक्यावर लाल टोपी, मान छताला टेकलेली. तेवढ्यात आबांना फळ्यांच्या वरून लटकणारी पाटी दिसली. पाटीवर दोरीउडी खेळणारी मुलगी. ती पाटी इतकी जवळ होती, की हात लांब केला असता तर लागली असती.

ड्रायव्हरची एक खोड असते. तो रस्त्याची नावं लक्षात ठेवत नाही, खुणा लक्षात ठेवतो. अमुक झाड, तमुक टाकी. आबांनी जिराफाकडे बघितलं आणि त्यांना बरं वाटलं. अशी खूण आंधळ्यालाही सापडेल.

"टिकले, गाडी बघत बस. मी हा गेलो आणि हा आलो. हलायचं नाही. आणि हललीसच, तर या जिराफाखाली येऊन उभं राहायचं. कुठे?"

"जिराफाखाली," टिकली गाडीवरची नजर न काढता म्हणाली.

पाटी जवळ होती, वाट नव्हती. बाहुल्यांतून, ठोकळ्यांतून, पाण्यातल्या बदकांतून बाण फिरत राहिले. मध्येच एक फिरता दांडा लागला. तो पुढे ढकलला की फिरायचा, मागे ढकलला की हटून बसायचा. आबा तो ओलांडून गेले आणि त्यांना दोरी सापडली. निळ्या मुठींची, चांगली मजबूत. ती हातात घेतल्यावर आबांना पेपर सोपा गेल्यासारखं वाटलं.

मग ते मागे वळले. दांडा फिरेना.

"इथून जाता येत नाही काका," फळीवर डबे लावणारी एक मुलगी म्हणाली. "बाणांनीच पुढे जायचं."

"अगं, माझी नात मागे आहे. जिराफापाशी."

"मग जिराफ पुढे लागेल तुम्हाला."

आणि खरंच लागला. दोन वळणांनंतर लाल टोपी दिसली तेव्हा आबांचा जीव भांड्यात पडला. जवळ गेले, तर तिथे आगगाडी नव्हती. सायकली होत्या. पोरंही नव्हती. आबांना वाटलं, आपण दुसऱ्या बाजूने आलो असू. त्यांनी जिराफाला प्रदक्षिणा घातली. सायकली त्या बाजूलाही होत्या.

"टिकले," त्यांनी हाक मारली.

"आबा," फळीच्या पलीकडून आवाज आला. अगदी जवळून, दोन खोल्यांमधल्या भिंतीपलीकडून यावा तसा.

"कुठे आहेस तू?"

"जिराफाखाली. तू कुठे आहेस?"

आबांनी वर बघितलं. जिराफ काचेच्या डोळ्यांनी समोर बघत होता. "मीपण जिराफाखालीच आहे," ते म्हणाले, आणि आपलं आपल्यालाच ते वेड्यासारखं ऐकू आलं.

"मग मला का दिसत नाहीस?"

आबांनी फळीवरचे यंत्रमानव बाजूला सारून बघितलं. मागे पत्रा. त्यांनी पत्र्यावर थाप मारली, दोन यंत्रमानव खाली पडले, आणि त्यातला एक परदेशी भाषेत काहीतरी बोलत चालायला लागला. पलीकडून टिकलीनेही थाप मारली. तिला गंमत वाटत होती. आबांना वाटत नव्हती.

"तिथेच थांब. मी आलोच."

ते बाणांच्या मागे धावले. धावले म्हणजे गुडघे जेवढं धावू देतात तेवढं. प्रत्येक वळणासरशी टिकलीचा आवाज मागे पडत गेला. चेंडू आले, पतंगांसारखे रंगीत कागद आले, पाळणे आले, आणि तिसरा जिराफ आला. तीच टोपी, तीच मान. गाडीवर असताना क्लीनर पोरं चकव्याच्या गोष्टी सांगायची, रात्रभर माणूस त्याच झाडाभोवती फिरतो म्हणून, आणि आबा त्यांची टर उडवायचे. आता आबांना चकवा लागला होता, तोही भरदिवसा, ट्यूबलाइटखाली. ते मनातून पुरते घाबरले होते. टिकली कुणाबरोबर निघून गेली तर, हा विचार एकदा आला तो जाईना.

समोरून अस्वल आलं. म्हणजे अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस, पोरांशी हात मिळवत.

"अरे बाबा, आगगाडीचा जिराफ कुठला?"

अस्वलाने मान डोलावली. दुकानाच्या नियमाप्रमाणे अस्वलाला बोलायची परवानगी नव्हती. त्याने आबांच्या पाठीवर थोपटलं आणि पंजाने बाण दाखवला.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि छतातून बाईचा गोड आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. एक आजोबा हरवले आहेत. अंगात तपकिरी स्वेटर, पांढऱ्या मिशा, नाव आबा. त्यांची नात मदत कक्षात त्यांची वाट पाहत आहे. कुणाला आढळल्यास त्यांना कृपया मदत कक्षात आणून सोडावे."

पोर सुखरूप आहे, एवढंच आबांना आधी कळलं. ते तिथेच एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. स्टूल तीन वर्षांच्या मुलाचं होतं. मग बाकीचं डोक्यात शिरलं. एक बाई त्यांच्याकडे बघून आपल्या मुलाला म्हणाली, "ते बघ, तेच ते आजोबा." तो मुलगा आबांकडे टक लावून बघत राहिला. आबांनी मिशांवर हात ठेवला, पण मिशा झाकून स्वेटर कुठे लपवणार?

आवाज पुन्हा आला. तेच शब्द, तोच गोडवा. आबांना उठून सांगावंसं वाटलं की मी हरवलेलो नाही. पण मग कुणी विचारलं असतं, तर मदत कक्ष कुठे आहे ते त्यांना सांगता आलं नसतं.

शेवटी अस्वलानेच त्यांचा हात धरला. एका फळीमागे राखाडी दार होतं, फक्त नोकरांसाठी. ते उघडून अस्वल त्यांना पलीकडे घेऊन गेलं, आणि पलीकडे मदत कक्ष होता. एवढंच अंतर. टिकली उंच खुर्चीवर पाय हलवत बसली होती, आणि तिच्याशेजारी औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट न काढताच सून उभी होती. पोर एकटी सापडली, की आधी आईला फोन करायचा, असा तिथला नियम होता. टिकलीला आईचा नंबर पाठ होता, आणि औषधांचं दुकान चौकातच होतं.

"आबा फोन उचलेनात," सून कक्षातल्या बाईला सांगत होती. मग तिने आबांना पाहिलं आणि थांबली.

आबांनी दोरी पुढे केली. "मिळाली," ते म्हणाले.

"हो. बरं झालं." सुनेनं दोरी घेतली. ती रागावली असती, तर आबांनी चार शब्द सुनावले असते, दांड्याचे, बाणांचे, दुकान आखणाऱ्याचे. ते सगळे शब्द त्यांनी येता येता जुळवून ठेवले होते. पण ती रागावलीच नाही. "पाणी प्यायलात का? बसा जरा," एवढंच म्हणाली, तेही अगदी मऊ आवाजात.

"आई, आबा हरवला नव्हता," टिकली म्हणाली. "जिराफच दोन होते."

"तीन," आबा म्हणाले.

"हो गं बाई, असतील," सून म्हणाली आणि तिने कक्षातल्या बाईकडे बघून थोडंसं हसून घेतलं.

बाहेर पडायची वाटही सरळ नव्हती. गोळ्या-चॉकलेटांच्या मधून तीन वळणं होती. सुनेनं गल्ल्यावर पैसे देऊन दोरी टिकलीकडे दिली, मग एका हातात टिकलीचा हात धरला, दुसऱ्या हातात आबांचा, आणि बाणांनी चालायला लागली. शेवटचं वळण आलं. दार दिसलं, बाहेरचं ऊन दिसलं.

"आई, सोड ना, मी जाते पुढे," टिकली म्हणाली.

सुनेनं तिचा हात सोडला. टिकली दोरी नाचवत दाराकडे पळाली. आबांनीही आपला हात हळूच मागे ओढून बघितला. सुनेनं तो आणखी घट्ट धरला.

"सावकाश आबा," ती म्हणाली. "पुढे पायरी आहे."