खाडीच्या मधल्या बाटलीचे पाणी

मित्रांनो, ज्या नागपुरात समुद्राचा थेंबही नाही, तिथे खारेपणा मोजण्यात हयात घालवलेला जुना मीटर मी आहे. हसू नका. माझ्या डब्याचा रंग उडाला असेल, पण आकडा चुकलेला नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहेच.

माझ्या लांब वायरीच्या टोकाला एक कांडी आहे. ती पाण्यात सोडली, की हजार भागांत मीठ किती ते मी सांगतो. कळमेश्वरच्या विहिरी, मौद्याकडची कन्हान नदी, सगळ्यांची चव मी घेतली. आमच्या प्रयोगशाळेतले धम्मानंदकाका प्रत्येक वेळी माझी कांडी शुद्ध पाण्याने धुऊन ठेवत. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. तेव्हा फार वाईट वाटले.

गेल्या वर्षी नवे यंत्र नेमके बिघडले आणि कोकणातल्या एका खाडीचे काम आले. उन्नती ही तरुण संशोधक मला घेऊन निघाली. खाडीकाठी हिराबाई आणि त्यांच्या गटातल्या बायांची कोळंबीची तळी होती. तळ्यांतून खाडीत पाणी बिघडवणारे नायट्रेट सुटते, अशी तक्रार होती. ते खरे ठरले, तर तळी बंद होणार होती.

हिशेब सोपा आहे. नायट्रेट नदी आणते, मीठ समुद्र आणतो. निम्मे पाणी नदीचे आणि निम्मे समुद्राचे असेल, तर नदीचे नायट्रेटही निम्मेच उरते. खारेपणा वाढत जातो तसे नायट्रेट घटते आणि कागदावर सरळ रेघ येते. एखादा ठिपका रेघेच्या वर गेला, तर समजावे की मध्येच कुणीतरी भर घातली आहे.

उन्नतीने नदीकडून समुद्राकडे जात ठिकठिकाणी बाटल्या भरल्या आणि माझी कांडी सोडली. मधल्या, तळ्यांसमोरच्या बाटलीचा ठिपका बराच वर गेला. मी एकोणीस खारेपणा दाखवला होता, पण नायट्रेट हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. नागपूरला परतल्यावर उन्नतीने अहवाल लिहून, सही करून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे दिलासुद्धा.

धम्मानंदकाकांना मात्र बाटलीतले पाणी पुन्हा तपासायची सवय होती. त्यांनी मला त्या मधल्या बाटलीत बुडवले. मी म्हणालो, सहा!

"काका, भंगार झालं ना हे मीटर," उन्नती वैतागली.

नाचता येईना, अंगण वाकडे! मला भयंकर राग आला.

"थांब वं पोरी. पहिले त्याची परीक्षा घेऊ दे मले," काका म्हणाले. त्यांनी मोजून मीठ घातलेले पाणी आणले. मी अचूक उत्तर दिले. "मीटर बरोबर हाय. तू पाणी कुठून घेतलं?"

"वरून, हातानं. वायर मात्र तळापर्यंत सोडली होती."

"काहून?"

"आपल्या तलावात वर काय, खाली काय, सारखंच असते ना..." बोलता बोलता ती थांबली.

खाडीत नदीचे हलके गोडे पाणी वर तरंगते आणि समुद्राचे जड पाणी खालून सरकते. तिने बाटली वरच्या पाण्याची भरली आणि खारेपणा खालच्याचा लिहिला. खाडीच्या नदीकडच्या टोकाला वरपासून तळापर्यंत सगळेच गोडे आणि समुद्राच्या मुखाशी सगळेच खारे, म्हणून तिथली चूक खपून गेली. तिने बाटलीचा खरा आकडा, सहा, कागदावर मांडला. ठिपका मुकाट रेघेवर येऊन बसला.

उन्नतीने आधी मॅडमकडे जाऊन अहवाल मागे घेतला, मग हिराबाईंना फोन लावला. "तुमच्या तळ्यांतून काही सुटत नाही. चूक माझी होती." पलीकडून बराच वेळ फक्त रडणे ऐकू आले.

मित्रांनो, मला आता कुणी कपाटात ठेवत नाही. माझी कांडी धुऊन ठेवा, अधूनमधून माझी परीक्षा घ्या, मी डगमगणार नाही. पण मला जिथे बुडवाल, बाटलीही तिथूनच भरा. आकडा माझा असतो, पण त्यावरून बंद पडणारी तळी हिराबाईंची असतात.