निधीच्या त्रुटींचा पांढरा फळा

मानवजातीची सगळी प्रगती पांढऱ्यावर काळं केल्याने झाली, आणि त्या कार्यात माझ्या घराण्याचा वाटा फार मोठा आहे. मी एक जुना पांढरा फळा आहे. सध्या दूर दक्षिणेत, पेरुंगुडीच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून मला आडवा टेकवून ठेवतात. वर पोतेरं वाळत घालतात.

मित्रांनो, माझा जन्म गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पुढची चार वर्षं मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काढली. प्रोग्राममधल्या चुका माझ्यावर लिहीत : क्रमांक, गंभीरता, स्थिती, म्हणजे चूक अजून 'उघडी' की सुधारून 'बंद'. चूक सुधारली की ती पुसत आणि कॉफी प्यायला जात. कुणी रडत नसे. चांगले दिवस होते.

२००६ साली कंपनी सिरुसेरीच्या नव्या इमारतीत गेली. तिथे माझी गरज नव्हती. तेव्हा चुका शोधण्याचाच पगार घेणाऱ्या मंदारने मला ऑटोत घालून घरी आणलं.

घरात त्याची बायको रुचिरा आणि आठ वर्षांची निधी. निधी उभ्याने जेवे आणि खुर्चीच्या पाठीवर बसून अभ्यास करी. पाण्याची बाटली शाळेत विसरे. दुसऱ्या दिवशी बाटली आठवणीने आणे आणि डबा विसरे. बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देई. उत्तर बरोबर असे. शिक्षा प्रश्न संपू न दिल्याची होई.

मंदारने मला हॉलमध्ये टांगलं आणि वर लिहिलं, 'निधी : त्रुटी'. खाली आमचेच जुने रकाने. 'क्र. १ : चपला भिरकावते. गंभीरता : मध्यम. स्थिती : उघडी.' मला वाटलं, वा, पुन्हा नोकरी लागली.

दर रविवारी इडली झाली की माझ्यासमोर बैठक भरे.

"सात नंबर बंद झाला होता. परत का उघडला?"

"बाबा, मी ठरवलं होतं."

"मग?"

"मग विसरले."

"विसरत नाहीस. मुद्दाम करतेस."

"अरे, चटणी तरी संपवू दे तिला," रुचिरा म्हणे.

"तूच लाडावून ठेवलीस."

रुचिरा माझ्यावर कधी काही लिहीत नसे. ती फक्त पुण्याला आईला फोन करून यादी वाचून दाखवी.

डिसेंबरपर्यंत एक्केचाळीस त्रुटी झाल्या. येणारे पाहुणे त्या वाचत, हसत आणि मंदारच्या शिस्तीचं कौतुक करत. त्या कौतुकाने मीही चकाकत होतो, हे कबूल करतो.

एका दुपारी निधीने स्टूल ओढलं, पेन घेतलं आणि सगळ्यांत खाली लिहिलं, 'क्र. ४२ : निधी. गंभीरता : फार.' स्थितीच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचलं नाही. टोपण न लावताच ती खेळायला गेली.

संध्याकाळी शेजारच्या कनकाबाई वडे घेऊन आल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. बोलणं जुन्या वळणाचं. त्यांनी चष्मा चढवला.

"हें बेचाळीसवें लेकराचें अक्षर आहे."

रुचिराने वाचलं आणि ती वड्यांचं ताट तसंच हातात धरून उभी राहिली. मंदार पुढे झाला.

"गंभीरतेत 'फार' असा प्रकारच नसतो," तो म्हणाला. मग खाली बसला.

"अय्यो, मंदारराव," कनकाबाई म्हणाल्या, "तीस वर्षें असलीं पोरें मी द्वाड म्हणून बडविलीं. त्यांना जमत नव्हतें हो. हें मला निवृत्त झाल्यावर कळलें. तुम्ही आधीं डॉक्टरला विचारा."

डॉक्टरांनी शाळेला आणि घराला दोन महिने प्रश्न विचारले, मग नाव सांगितलं : एडीएचडी. लक्ष धरून ठेवणं, अंगातली चळवळ आवरणं तिच्या मेंदूला जड जातं. हा हट्ट नाही, लाडाचा परिणामही नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, जमली की लगेच शाबासकी द्या, मध्ये मध्ये हिंडू द्या.

मंदारने घरी येऊन सगळं पुसलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'मूळ कारण : एडीएचडी. दुरुस्तीची मुदत : ३१ मार्च.'

"मंदार, ती दुरुस्त व्हायची नाहीये," रुचिरा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ती बिघडलेलीच नाहीये. डॉक्टर दोनदा म्हणाल्या. तुझं लक्ष नव्हतं, तू टिपून घेत होतास."

असं म्हणून तिने मला खिळ्यावरून उतरवलं.

आता मंदार 'मोजे घाल' एवढंच म्हणतो आणि थांबतो. थांबणं त्याला अजून नीट जमत नाही. निधी येरझाऱ्या घालत पाढे म्हणते, तोही मागून चालतो. घर पुष्कळ सुधारलं, असं कनकाबाई म्हणतात.

निधी अकरा वर्षांची झाली. परवा डबा शाळेत राहिला, तेव्हा ती बाल्कनीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्यावर काहीच लिहिलेलं नाही. रुचिराने ओल्या फडक्याने तीनदा पुसलंय. तरी निधीने बोट ठेवलं आणि वरून खाली वाचत गेली. एकही ओळ चुकली नाही. विसरभोळी म्हणे.

मित्रांनो, आता मी आईवडिलांना उपदेश करायचा. पण ज्याने बेचाळीस ओळी अंगावर मिरवल्या त्याने कोणत्या तोंडाने बोलावं? माझं मागणं लहान आहे. मशीन पुसायला कुणी आलंच, तर जाता जाता मला फिरवून, तोंड भिंतीकडे करून ठेवा.