मयत, उपलब्ध, मयत

रक्तपेढीत नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे टिंबताई म्हणत. अर्जातल्या नावावरचा एखादा अनुस्वार राहिला तरी त्या अर्ज परत पाठवायच्या, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यांनीही ते मुकाट्याने चालवून घेतलं होतं.

दुर्मिळ रक्तगटाच्या एकशे बारा दात्यांची यादी त्यांच्या ताब्यात होती. निम्म्यांचे फोन नंबर जुने झाले होते. शिबिरं भरवणारे कार्यकर्ते, कारखान्यांतले आणि शाळांतले लोक या दात्यांना ओळखत, तेव्हा त्यांच्याकडूनच माहिती गोळा करायचं ठरलं. शुक्रवारी टिंबताईंनी चाळीस जणांना लिंक पाठवली आणि निर्धास्त घरी गेल्या.

सोमवारी सकाळी त्रेसष्टाव्या ओळीत, शाळेची बस चालवणाऱ्या एका काकांच्या नावापुढे, 'मयत' असं दिसलं. टिंबताईंना फार वाईट वाटलं. वीस वर्षं हा माणूस एका हाकेत धावून येत होता. त्यांनी घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहायला घेतलं.

दुपारी पाहिलं तर त्याच ओळीत 'उपलब्ध'.

त्यांनी चष्मा पुसला. मंगळवारी पुन्हा 'मयत'. बुधवारी 'उपलब्ध', आणि शेऱ्यात 'कधीही बोलवा'. गुरुवारी परत 'मयत'. अर्धवट पत्र ठेवावं की फाडावं, तेच त्यांना कळेना.

त्यांनी संगणक सांभाळणाऱ्या भाऊंना बोलावलं. भाऊंनी कपाळाला हात लावला.

"ताई, फॉर्मची लिंक पाठवायची सोडून तुम्ही अख्खी यादीच पाठवलीत! लिंक ज्याच्या हाती पडेल, तो हवं ते बदलू शकतो."

"पण मी चाळीसच जणांना पाठवली."

"आणि त्यांनी पुढे किती जणांना?"

"बदलतंय कोण ते तरी दिसतं का?"

"सगळे अनामिक."

टिंबताई खुर्चीतून उठल्या. एवढ्या माणसांचे पत्ते, फोन, आजार, सगळं चव्हाट्यावर! भाऊंनी तिथल्या तिथे लिंक बंद केली आणि जुन्या प्रतीशी यादी ताडून पाहिली. बाकीच्या ओळींत कुणी वेडंवाकडं काही केलं नव्हतं. मरत आणि जगत होती ती एकटी त्रेसष्टावी ओळ.

शेवटी टिंबताईंनी काकांच्या घरी फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"रक्तपेढीतून बोलतेय. काका आहेत का?"

"ते गेले."

"अरेरे! कधी?"

"मागच्या आठवड्यात."

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "अगं, माझा टॉवेल कुठे ठेवलास?"

टिंबताई गडबडल्या. "हे कोण बोलले?"

"दीर," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई स्वतःच येऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी.

"काल खोटं बोलले. राहवेना म्हणून आले," त्या म्हणाल्या. "शाळेतून यांच्या फोनवर तुमची ती यादी आली. तुमच्या चौकटीत पर्याय तीनच. उपलब्ध, स्थलांतरित आणि मयत. स्थलांतरित लिहिलं असतं तर तुम्ही नवा पत्ता विचारला असता. मग मी काय लिहायचं?"

"पण काकू, जित्याजागत्या माणसाला..."

"मला काय हौस आहे? तीनदा लिहिलं, आणि तिन्ही वेळा आतल्या खोलीत जाऊन यांना बघून आले. यांनी मात्र कुणाची तरी चूक समजून दोनदा परत 'उपलब्ध' केलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मागच्या वेळी हे रक्त देऊन आले आणि शाळेच्या फाटकात कोसळले. नशीब, बसमध्ये मुलं नव्हती. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. मी थांबा म्हटलं की म्हणतात, माझ्यावाचून कुणाचं तरी अडेल."

दात्याची माहिती दात्यानेच द्यायची, हा टिंबताईंचाच नियम. दाता म्हणतो उपलब्ध. ही म्हणते नाही. दोघांपैकी खोटं कुणाचं म्हणायचं? त्यांनी काकांना तपासणीसाठी बोलावलं.

शनिवारी काका आले ते तणतणतच. "मी वारलो असं कळलं, म्हटलं स्वतःच भेटून यावं!"

डॉक्टरांनी तपासलं. अंगात रक्त कमी होतं, ठोके अनियमित होते. सगळ्या तपासण्या होईपर्यंत रक्तदान बंद आणि बस चालवणंही बंद, असं त्यांनी सांगितलं. काका खुर्चीत बसून राहिले.

"कायमचं नाही ना?"

"आत्ता नाही सांगता येणार."

बाहेर येऊन ते काकूंना म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं?"

"झालं," काकू म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. काका पार गोंधळले. खिशातून रुमाल काढून पुढे करत राहिले. "अगं, पण जिंकलीस ना तू? मग रडतेस कशाला?"

टिंबताईंनी यादीत चौथा पर्याय घातला, 'तूर्त थांबलेले', आणि त्रेसष्टावी ओळ त्यात टाकली. आपण काकांचं भलं केलं की त्यांचं काम घालवलं, ते त्यांना उमगत नव्हतं. मग त्यांनी फोन जवळ ओढला. सहा दिवस यादी उघडी होती, हे प्रत्येक दात्याला सांगून माफी मागायची होती.

यादीतल्या पहिल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकं झालं काय?"

"सांगते हं," टिंबताई म्हणाल्या, आणि सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना.