शेजारच्या दुकानाला गेलेला आशीर्वाद

चूक चष्मेवाल्याचीच होती, पण हे त्याच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. नव्यानं सजवलेल्या दुकानाला आशीर्वाद द्यायला चर्चचे म्हातारे पाळकसाहेब येणार, तर त्यांना भर समारंभात नवा कोरा चष्मा भेट द्यावा, टाळ्या घ्याव्यात, असा त्याचा बेत. त्यासाठी जुना चष्मा आदल्या दिवशी तो स्वतःच त्यांच्या नाकावरून उतरवून घेऊन आला. त्या चष्म्याशिवाय पाळकसाहेबांना दार कुठलं आणि खिडकी कुठली हेसुद्धा कळत नाही, हे त्याच्याइतकं जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नंबर त्यानंच तर काढला होता.

चष्म्याच्या दुकानाला लागून पडद्यांचं दुकान होतं. मध्ये पातळशी भिंत. पडदेवाला हा चष्मेवाल्याचा सख्खा साडू, म्हणजे त्यांच्या बायका बहिणी. दोघांनी शेजारी शेजारी दुकानं काढली ती बायकांच्या हट्टानं. नाहीतर चष्मेवाल्यानं साडू आणि आपल्यामध्ये एखादा समुद्र मागितला असता. कारण सासऱ्यांचा जीव धाकट्या जावयावर. जेवायला बसलं की सासऱ्यांशेजारची खुर्ची धाकट्याला, थोरल्याला दाराजवळचं स्टूल. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण चष्मेवाला मनानं अजून त्या स्टुलावरच बसलेला होता. म्हणून या वेळचा आशीर्वाद त्याला हवा होता. फक्त त्याच्या एकट्याच्या नावाचा, पुरा, ताजा.

ठरल्या वेळी पाहुणे जमले, केक मांडला गेला. पाळकसाहेब रस्त्यानं काठी आपटत आले, पहिलं उघडं दार काठीला लागलं, आत माणसांची हालचाल जाणवली आणि ते आत शिरले. ते दार पडद्यांच्या दुकानाचं होतं. तिथे गिऱ्हाइकं होती. पाळकसाहेबांनी एक हात वर केलेला पाहून सगळी मुकाट उभी राहिली.

इकडे चष्मेवाला दाराकडे डोळे लावून उभा, आणि भिंतीपलीकडून तो खणखणीत आवाज आला, "प्रभू, या दुकानाची भरभराट होऊ दे. इथं पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ, लख्ख दिसू दे. बारीकातलं बारीक त्याच्या नजरेतून सुटू नये. त्याच्यापासून काहीही झाकलेलं राहू नये. आमेन!"

"आमेन!" भिंतीच्या या बाजूचे पाहुणे म्हणाले. सवय असते माणसाला. चष्मेवालाही म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

पाळकसाहेब बिचारे लगेच इकडे आले, म्हणाले, "चुकलं हो, पुन्हा प्रार्थना करू." पण चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तो म्हणाला, "उरलंसुरलं नको मला. आधी तो परत घ्या, मग मला द्या." आणि रागाच्या भरात नवा चष्मा द्यायचाही राहून गेला. पाळकसाहेब जसे आले तसेच चाचपडत घरी गेले.

दोन आठवडे हे असंच कुजत राहिलं. बायकोनं समजावून पाहिलं. "अहो, आशीर्वाद काय संपतो का?" ती म्हणाली.

"खुर्ची संपली होती ना?" तो म्हणाला.

शेवटी रविवारी दुपारी तो पाळकसाहेबांच्या घरी जाऊन धडकला. तिथे पाळकसाहेबांची मुलगी सुटीवर आलेली होती. ती परगावी कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायची, आणि सगळे तिला ताई म्हणायचे. वडिलांच्या मते तत्त्वज्ञान म्हणजे सरळ माणसाला वळसे घ्यायला लावायची विद्या. बापलेकींचं त्यावरून रोज जेवताना वाजायचं, आणि दोघांनाही त्याशिवाय घास उतरायचा नाही.

"परत घेता येत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "इसहाकालाही घेता आला नव्हता. ताई, वाच गं. मला चष्मा नाही." शेवटचं वाक्य त्यांनी चष्मेवाल्याकडे तोंड करून म्हटलं, म्हणजे त्यांना वाटलं तसं. प्रत्यक्षात तिथे कपडे अडकवायचा खांब होता.

ताईनं बायबल उघडलं आणि गोष्ट वाचली. म्हातारा इसहाक, डोळे गेलेले. अंगभर केस असलेल्या थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचा, तर धाकटा याकोब केसाळ कातडं हाताला बांधून पुढे येतो आणि आशीर्वाद उचलून नेतो. मग थोरला शिकारीवरून येतो, म्हातारा थरथर कापतो, पण दिलेलं परत घेत नाही.

"थोरला मीच," चष्मेवाला म्हणाला. "माझ्या हातांवर केसही आहेत." त्यानं बाह्या वर करून दाखवले.

ताईचे डोळे मात्र चमकायला लागले होते, आणि ते पाहून पाळकसाहेबांनी विषयच बदलला असता, दिसत असतं तर. "बाबा, हा आशीर्वाद म्हणजे बातमी आहे की कृती?" तिनं विचारलं.

"हे सुरू झालं," पाळकसाहेब म्हणाले.

"नाही, ऐका तर. 'उद्या ऊन पडेल' असं मी म्हटलं आणि नाही पडलं, तर 'चुकले' म्हणून मोकळी होते. ती बातमी. पण न्यायाधीश 'तू सुटलास' म्हणाला की माणूस सुटतो. तो बोलत नाही, करतो. काही तत्त्ववेत्त्यांनी हेच दाखवलं, की काही बोलणं म्हणजे करणंच असतं. वचन, शपथ, नाव ठेवणं. इसहाक जर बातमी देत असता तर त्यानं चूक दुरुस्त केली असती. पण त्यानं केलं होतं. केलेलं कसं मिटवणार?"

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. हे तसं विरळाच. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणून तो कापला. इतकी वर्षं मी चर्चमधल्या मंडळीला सांगत आलो, की फसवल्याच्या रागानं कापला. रागानं नव्हे गं. आपल्या तोंडून केवढं निसटलं हे कळून कापला." मुलीच्या विद्येचा आपल्याला उपयोग झाला, हे लक्षात येताच ते घाईघाईनं खोकले.

"पण माणूसच चुकीचा असला तर?" चष्मेवाला पुढे सरसावला.

"फार चांगला मुद्दा! तर ती कृती फुकट जाते, असंही म्हणतात. समजा, तुम्ही जाऊन भलत्याच्याच बाळाचं नाव ठेवलंत. ते लागत नाही."

"म्हणजे साडूला आशीर्वाद लागला नाही!"

"पण याकोबाला लागला."

"मग ते मत चूक."

"किंवा मत बरोबर, आणि ही गोष्ट आपणच चुकीची वाचतोय. मजा तीच तर आहे!"

"मजा?" चष्मेवाला म्हणाला. गेले दोन आठवडे त्याला झोप नव्हती.

"आता बोलणाऱ्याच्या मनात कोण होतं ते पाहू. इसहाकाच्या मनात थोरला, हाताखाली धाकटा. धरायचं काय, मन की हात? बाबा, तुमच्या मनात कोण होतं?"

"हेच होते," पाळकसाहेब म्हणाले.

"पाहा!" चष्मेवाला ओरडला.

"दुसरा हात मात्र साडूच्या शिलाई मशीनवर होता," पाळकसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

ताई आता येरझाऱ्या घालायला लागली होती. "आणि एक जर्मन गृहस्थ सांगून गेलेत, की करायचं ते असं करा, की सगळ्यांनी तसंच केलं तरी जग चाललं पाहिजे. उद्या मंडळीतला जो तो आशीर्वाद परत घ्या, बदलून द्या म्हणत आला तर? मग आशीर्वादाला अर्थच उरणार नाही. नामकरणं परत, लग्नं परत..."

"लग्नं परत घेताय?" स्वयंपाकघरातून पाळकबाईंचा आवाज आला. "थांबा, हात पुसून आलेच!"

"कुणी काही परत घेत नाहीये!" पाळकसाहेब घाबरून म्हणाले.

"आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं," ते पुढे म्हणाले. "भिंतीपलीकडून यांचं आमेन मला ऐकू आलं होतं."

ताई थबकली. "तुम्ही आमेन म्हणालात?"

"सवयीनं हो!"

"म्हणजे तुम्ही मान्यता दिलीत. साक्षीदारच झालात की तुम्ही. एसावसुद्धा इतका पुढे गेला नव्हता."

चष्मेवाल्यानं कपाळावर हात मारला. इतक्यात दार उघडलं आणि साडू आत आला. काखोटीला पडद्याची गुंडाळी होती. आल्या आल्या त्यानं कपडे अडकवायच्या खांबाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या पाया पडतो, तो आशीर्वाद काढून घ्या."

साडूला बसायला खुर्ची दाखवली, तो तिच्या हातावर बसला आणि मग घसरून आत गेला. "माझ्या पोटावर पाय आलाय हो," तो सांगू लागला. "त्या दिवशी दुकानात गावभरची माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं, की इथं बारीकातलं बारीक दिसणार, काही झाकलेलं राहणार नाही. आता जो येतो तो पडदा उजेडात धरतो. ही शिवण वाकडी, ही झालर तोकडी, ही चुणी पळाली. पूर्वी माणसं रंग बघायची आणि घेऊन जायची. पडद्याच्या दुकानाला असा आशीर्वाद देतात का कुणी? माझा धंदा झाकायचा आहे!"

"परिणाम!" ताईनं टाळी वाजवली. "एका पंथाचं म्हणणंच आहे, की शब्दाचा अर्थ तो काय घडवतो त्यात पाहा. बाबा, याकोबाचंही पाहा की. आशीर्वाद मिळाला आणि त्यापायीच घर सोडून पळावं लागलं."

"हे मात्र मी प्रवचनात सांगतो," पाळकसाहेब म्हणाले.

साडू चष्मेवाल्याच्या दिशेला वळला. "साडूभाऊ, घ्या तुमचा तुम्हाला. मला नव्हताच हवा. पाळकसाहेब एवढ्या जोशात होते, मध्ये बोलायचं कसं?"

चष्मेवाल्याचा हात पुढे झालासुद्धा. पण पाळकसाहेबांनी टेबलावर काठी आपटली. "आशीर्वाद आहे तो, छत्री नव्हे, कुणाची राहिली म्हणून पोचती करायला! ज्याच्यावर पडला त्याच्यावर पडला. देवाला काय करायचंय ते देव बघेल. आता चहा घ्या सगळ्यांनी."

हिरमुसलेला चष्मेवाला साडूनं आणलेला पडदा उलगडून बसला. तरी मनातून खूश होता, खोटं कशाला सांगा. साडूचा माल वाईट निघाला यापेक्षा गोड बातमी त्याला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. पण शिवण बघता बघता त्याचं हसू विरलं. शिवण नुसती वाकडी नव्हती. ती ठरावीक जागी सुटायची, चाचपडायची आणि पुन्हा सापडायची. निष्काळजी माणसाची शिवण अशी नसते. त्यानं वर पाहिलं. साडू पडद्याचं दुसरं टोक नाकाला लावून दोरा शोधत होता. मघाशी खांबाला केलेला नमस्कार आठवला, खुर्चीचा हात आठवला. पाळकसाहेबांना चष्मा नव्हता, ते ठीक. याला काय झालं होतं?

चष्मेवाल्याला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला राग आला. म्हणजे आता आपणच याला दुकानात न्यायचं, आपणच याचे डोळे तपासायचे, मग याला लख्ख दिसणार, बारीकातलं बारीक दिसणार, शिवण सरळ होणार आणि दुकान भरभराटणार. आशीर्वाद त्याला, आणि फळवायची हमाली आपल्याला! गप्प बसलं तर कुणालाही पत्ता लागणार नव्हता. त्यानं चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. साडूनं समोरच्या टेबलावर कप ठेवला, तो टेबलाच्या पलीकडे पडून फुटला.

"उठा," चष्मेवाला म्हणाला.

"कुठे?"

"माझ्या दुकानात. उठा म्हणतो ना!"

"माझा चष्माही आणा हो येताना!" पाळकसाहेब मागून ओरडले.

साडूचं पाऊल त्या दुकानाला पहिल्यांदाच लागत होतं. चष्मेवाल्यानं त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली, डावा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

"कुठे?"

"भिंतीवर."

"भिंत कुठे आहे?"

"इतके दिवस सांगितलं का नाहीत?" चष्मेवाला म्हणाला.

"तुम्हाला सांगायचं?" साडू म्हणाला. "तुम्ही हसला असतात."

हसला असता. चष्मेवाल्यानं एक काच घातली, काढली, दुसरी घातली. ही बरी की ती? ती. आता? थोडी आणखी. बाहेर रस्त्यावरून माणसं जात होती, त्याचं लक्ष नव्हतं. एकेक ओळ खाली उतरत गेली. शेवटची काच बसली तशी साडूनं सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि लहान मुलासारखा इकडेतिकडे पाहू लागला. कपाटं पाहिली, आरसा पाहिला. मग मान वळवून त्यानं चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही केवढे म्हातारे झालात हो. कधी झालात?"

चष्मेवाल्यानं मान वर केली. समोर त्या बोजड फ्रेममध्ये धाकट्याचं डोकं पांढरं झालेलं होतं, डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या. हा तर रोज शेजारच्या दारात उभा असायचा. याला दिसत नव्हतं हे एक वेळ समजू शकतो. पण आपली नजर तर अजून चांगली शाबूत आहे. त्याला एकदम रडूच आलं, आणि ते लपवायला तो काचांच्या पेटीत उगाच काहीतरी शोधू लागला.

"मग आता तो आशीर्वाद कुणाला लागला म्हणायचा?" साडूनं विचारलं.

"मान सरळ ठेवा," चष्मेवाला म्हणाला. "दुसरा डोळा राहिलाय."