सैल कापूस

लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत स्वप्नील प्लायची पेटी जोडत होता आणि त्याची आई, मालनताई, समोर पाट टाकून बसल्या होत्या. गाडीत बसवायच्या त्या थाळीएवढ्या स्पीकरला पेटी लागते कशाला, हे त्यांना कळेना. लेकाने स्पीकर नुसताच वाजवून दाखवला. आवाज आला पोकळ, दम नसलेला. पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना मारतात, म्हणून मध्ये भिंत हवी, असं तो म्हणाला. नळावर दोघी एकदम भांडल्या की एकीचंही कळत नाही, तसं असेल, असं मालनताईंनी मनाशी ठरवलं.

एरवी त्या असल्या भानगडीत पडल्या नसत्या. पण पेटी नानांसाठी होती. नाना, त्यांचे यजमान, उभा जन्म गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, राहिले आणि साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू नेले. चाळीच्या भजनी मंडळात पखवाज त्यांचा; भजनाआधी डाव्या पुडीला ओली कणीक थापून तो घुमता करायचं कामही त्यांचंच. मात्रा ऐकू येईनात, तसा त्यांनी तो मंडळातल्याच रघुवीरच्या हाती दिला आणि शनिवारी भजनाला बसणंच सोडलं. बारीक आवाज गेले तरी खालचा, घुमणारा आवाज अजून पोचत असेल, अशी स्वप्नीलला आशा होती. मागच्या शनिवारचं भजन त्याने मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं.

अडचण जागेची. डिकीत सीएनजीची टाकी, तेव्हा पेटी लहानच करावी लागली. आत कापूस भरला की लहान पेटी स्पीकरला मोठी वाटते, असं स्वप्नील म्हणाला.

"स्पीकरलाही फसवता येतं?"

"येतं. तू भर. पण सैल हां, आई."

मालनताईंनी जुनी गादी उसवली. सैल भरलेल्या गादीला सासरचे नावं ठेवतात, हे त्यांच्या हातांना पाठ. हात आपोआप ठासत गेले.

नानांना खाली आणून मागच्या सीटवर बसवलं. भजन लागलं. डिकीतून उशीखाली कोंबल्यासारखा आवाज आला. नाना वाट पाहून दाराकडे सरकले.

"रवांदे रे. कान गेले ते गेले."

स्वप्नीलने स्क्रू काढून पेटी उघडली आणि आतला घट्ट गोळा आईसमोर धरला. मालनताईंनी नानांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना परत बसवलं. मग तिथेच फुटपाथवर बैठक मारून अर्धा कापूस बाजूला काढला आणि उरलेला बोटांनी पिंजून पिंजून हलका केला.

पेटी पुन्हा बंद झाली. या वेळी सीट थरथरली. नानांनी पाठीमागे तळहात टेकला. मग त्यांची बोटं चालू लागली, आणि कपाळाला आठी पडली.

"रघुवीर वाजवता?"

मालनताईंनी मान डोलावली.

"डाव्या पुडीक कणीक कमी लावल्यान हा. म्हणान घुमणा नाय."

मालनताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढं बारीक त्या पेटीतून कसं कळलं, हे त्यांना विचारायचं होतं. पण नानांनी आधीच स्वप्नीलला खूण केली, पहिल्यापासून लाव म्हणून.

"शनिवारी कणीक तू मळून दी," ते बायकोला म्हणाले. "मी घेवन जातंय."